घमेलं डोक्यावर घेतलेला राजा

पहिला दिवस : बगदाद आणि अकरकुफ

मुंबईहून उडालेल्या विमानात आम्ही दोघंच वेगळ्या कामाला निघालो होतो. बाकी सगळे जियारतीला, म्हणजे तीर्थयात्रेला. सोनेरी काठाच्या टोप्या घातलेले बोहरी आजोबा, रंगीत रिदा घातलेल्या आज्या, फराळाचे डबे, हातात जपमाळा. शेजारच्या बाईंनी चौकशी केली, आधी करबला की आधी नजफ? बायकोनं शांतपणे सांगून टाकलं, "यांची जियारत विटांची आहे."

खोटं नव्हतं. सार्वजनिक बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली सहा पंढरपुरात. भिंत दिसली की माझी नजर आधी पायाकडे जाते, मग पाण्याच्या वाटेकडे, देव शेवटी. काही वर्षांपूर्वी एका पुस्तकात एक फोटो बघितला होता. दीड वितीची तांब्याची मूर्ती. उघडाबंब, तुळतुळीत डोक्याचा माणूस, दोन्ही हात वर, आणि डोक्यावर मातीची पाटी. मला वाटलं बिगारी असेल. खाली लिहिलं होतं : उरचा राजा उर-नम्मू, सुमारे इ.स.पू. २१००.

राजा, आणि डोक्यावर घमेलं! देवळाचं काम काढलं की अशा मूर्ती पायात पुरायची तिथं पद्धत होती. म्हणजे माणसांनी बघायचा प्रश्नच नाही, देवाला कळलं की झालं. आमच्याकडे भूमिपूजनाच्या टिकावाला झेंडूची माळ असते आणि समोर फोटोग्राफर. तेव्हापासून डोक्यात होतं की या राजाचं काम इराकमध्ये जागेवर जाऊन बघायचं.

ते काम म्हणजे झिगुरात. एकावर एक रचलेले, वर लहान होत गेलेले प्रचंड ओटे, बाहेरून पायऱ्या आणि सगळ्यात वर छोटं देऊळ. आतून भरीव. पिरॅमिडसारखी आत कबर नाही, गाभारा नाही, काही नाही. तिथल्या जुन्या अक्कदी भाषेत उंच बांधण्याला जे क्रियापद होतं त्यावरूनच हे नाव पडलं. माथ्यावरच्या त्या देवळांपैकी आज एकही उभं नाही. राहिलेत ते ओटे, तेही झिजलेले.

नोव्हेंबरअखेरची बगदादमधली हवा आपल्या महाबळेश्वरसारखी. सकाळी इराकच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. बघण्यासारखं इतकं आहे की अर्ध्या तासात माणूस बधिर होतो, म्हणून मी एकाच वस्तूपाशी उभा राहिलो. वर्का इथं सापडलेलं दगडी पूजापात्र, साधारण मीटरभर उंच, पाच हजार वर्षांपूर्वीचं. २००३ च्या लुटीत ते पळवलं गेलं आणि त्याच वर्षी तुकड्यांत परत आलं. त्यावरचं कोरीव काम खालून वर वाचायचं. तळाशी पाण्याची रेघ, तिच्यावर पिकं, त्यावर मेंढ्यांची रांग, मग टोपल्या-मडकी घेतलेल्या उघड्या माणसांची रांग, आणि वर इनान्ना देवीच्या दारात पोचलेला नैवेद्य. रांगेतल्या एकाचेही हात रिकामे नाहीत. पुढच्या पाच दिवसांत जे बघायचं होतं त्याचा नकाशाच होता तो.

दुपारी अकरकुफ. बगदादच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटर, अबू घरेबजवळ. कुरीगाल्झू नावाच्या कस्सी घराण्यातल्या राजानं इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या सुमारास इथं नवी राजधानी वसवली आणि एनलिल देवासाठी झिगुरात बांधला. खालचा टप्पा १९७० च्या दशकात नव्यानं बांधलाय, तो अगदी सरकारी दिसतो. पण त्यातून वर आलेला मूळचा गाभा! पन्नास मीटरहून उंच, वाऱ्यानं कुरतडलेला मातीचा सुळका. जुने युरोपी प्रवासी यालाच बायबलमधला बाबेलचा मनोरा समजत, त्यात त्यांची चूक वाटत नाही.

जवळ गेल्यावर सुळक्यावर आडव्या रेघा दिसतात. कच्च्या विटांचे सात-आठ-नऊ थर झाले की लव्हाळ्याच्या चटयांचा एक थर. शिवाय आरपार घातलेले लव्हाळ्याचेच दोर, मनगटाहून जाड. उड्डाणपुलाच्या रॅम्पला आपण मातीच्या थराथरांत प्लॅस्टिकची जाळी घालतो, भराव फुगून बाहेर येऊ नये म्हणून. तीच युक्ती. मी एका चटईची बाहेर आलेली टोकं जवळून बघत होतो. काड्या काड्या सुट्या मोजता येत होत्या. साडेतेहतीसशे वर्षांचं गवत, आणि वास गोठ्यातल्या वैरणीचा. हात लावणार तेवढ्यात वाटाड्या ओरडला.

हा वाटाड्या बगदादचाच, पुरातत्त्व शिकलेला तरुण, इंग्रजी छान बोलणारा. रात्री त्यानं रस्त्यावरच्या एका गाडीवर फलाफल खायला घातलं. पावात पिवळं आंबट काहीतरी ओतलेलं. विचारलं तर म्हणाला, "अंबा." बायको थबकली. हा कैरीचा आंबटतिखट रस बगदादी ज्यू व्यापाऱ्यांनी मुंबईहून इकडे नेला असं म्हणतात. शब्द तर आपलाच. ससून डॉकवाले ससून मूळचे याच गावचे. बायकोनं आणखी दोन चमचे मागून घेतले आणि मीठ कमी आहे म्हणाली.

दुसरा दिवस : बाबिल आणि बोरसिप्पा

दक्षिणेला दीडेक तासावर हिल्ला, त्याला लागून बाबिल, म्हणजे बॅबिलॉन. दारात इश्तार दरवाजाची निळी प्रतिकृती आहे. अस्सल विटा बर्लिनला. आत गेलं की सद्दामच्या काळात चढवलेल्या पिवळ्या भिंती, आणि त्यातल्या काही विटांवर त्याच्या नावाचा शिक्का. लोक हसतात त्याला. पण बाबिलचा जुना राजा नेबुखद्नेझरही विटांवर स्वतःच्या नावाचा शिक्का मारायचाच. आपल्याकडे नळपाणी योजनेच्या टाकीवर पाण्यापेक्षा नावं जास्त असतात, तेव्हा मी हसलो नाही.

मला बघायचा होता एतेमेनान्की. "स्वर्ग आणि पृथ्वी यांच्या पायाचं घर" असा त्या नावाचा अर्थ. मार्दुक देवाचा झिगुरात, बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट ज्याच्यावरून आली असं मानतात तो. वाटाड्या टाळाटाळ करत होता : तिथं काही नाही. शेवटी नेलं. खरंच काही नाही. पाण्यानं भरलेला चौकोनी चर, त्यात माजलेला बोरू, मधोमध कच्च्या मातीचा उंचवटा. पण चौकोनाची बाजू ९१ मीटर आहे. मी एका कडेनं पावलं टाकत गेलो. गावातलं क्रिकेटचं मैदान आरामात बसेल.

एवढं मोठं बांधकाम गेलं कुठं? अलेक्झांडर आला तेव्हा ते ढासळलेलं होतं. त्यानं ते पुन्हा बांधायचं ठरवलं आणि आधी सगळा राडारोडा उचलायला लावला. नुसत्या सफाईलाच दहा हजार माणसं दोन महिने लागतील, असा आकडा ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो देतो. इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर याच शहरात मेला. पाडकाम झालं, बांधकामाची निविदा निघालीच नाही. तळाला राहिलेल्या भाजक्या विटा पुढे आसपासच्या लोकांनी घरांसाठी खणून नेल्या, म्हणून तिथं आज चर आहे. असे प्रकल्प मी दोन पाहिलेत, नावं सांगत नाही.

तिथंच बांधावर बसून वाटाड्यानं नबोपोलस्सरचा लेख सांगितला. नेबुखद्नेझरचा बाप, राज्यकाळ इ.स.पू. ६२६ ते ६०५. एतेमेनान्कीचं काम काढलं तेव्हा आपण मार्दुकापुढे मान वाकवली, राजवस्त्र आवरून घेतलं आणि विटा-माती डोक्यावरून वाहिली, असं तो लिहितो. थोरल्या मुलाला, म्हणजे खुद्द नेबुखद्नेझरला, मजुरांच्या बरोबरीनं चिखल वाहायला लावला. त्या चिखलात दारू, तेल आणि सुगंधी लाकडाचा भुगा मिसळलेला. धाकट्याच्या हाती कुदळ-फावडं. उर-नम्मूनंतर दीड हजार वर्षं उलटली होती. राजा बदलला, भाषा बदलली, देवही बदलला, घमेलं तेच.

वर्षातून एकदा इथल्याच मार्दुकाच्या देवळात राजाच्या मुस्कटात मारत. चेष्टा नाही. वसंतात, निसन्नू महिन्यात, अकितू हा नववर्षाचा सण बारा दिवस चाले. आपल्या पाडव्याच्या आगेमागे येई तो. पाचव्या दिवशी राजा मार्दुकाच्या देवळात एकटा जाई. मुख्य पुजारी त्याच्या अंगावरची राजचिन्हं काढून घेई, गालावर चपराक मारी, कान धरून देवापुढे गुडघे टेकायला लावी. मग राजानं म्हणायचं : मी पाप केलं नाही, बाबिलची हेळसांड केली नाही, देवळाला विसरलो नाही. चिन्हं परत मिळत आणि वर आणखी एक चपराक. डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न. नाही आलं तर राजाचं काही खरं नाही. उशिराच्या काळातल्या मातीच्या पाट्यांवर हा विधी नीट लिहून ठेवलेला सापडला आहे. बायको म्हणाली, "आपल्याकडे अर्थसंकल्पी अधिवेशन त्याच सुमाराला असतं ना?"

सणाला शेजारच्या बोरसिप्पाहून नबू देव नावेतून येई. नबू म्हणजे मार्दुकाचा मुलगा, लेखनाचा देव. बापाला भेटायला येणार, चार दिवस राहणार, मिरवणार आणि परत जाणार. पंढरपुरात सहा आषाढ्या बंदोबस्तात काढलेल्या माणसाला यात नवल काय वाटणार? देव एका जागी बसून राहत नाहीत, त्यांना भेटीगाठी लागतात, आणि त्या भेटीगाठींवर गावोगावचं वर्षाचं गणित चालतं.

मात्र एक गोष्ट मला तिथं बसल्यावरच उमगली. या मनोऱ्यावर भाविक चढत नसत. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की सगळ्यात वरच्या देवळात मूर्ती नव्हती. एक मोठा सजवलेला पलंग होता, शेजारी सोन्याचं मेज. देव उतरला तर त्याला टेकायला जागा, बस. हेरोडोटसच्या सगळ्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये, तोही सगळ्यावर ठेवत नाही. पण पलंगाचं मला लगेच पटलं. विठोबाच्या शेजघरातला पलंग आषाढीच्या आधी बाहेर काढतात, कारण यात्रेत देव चोवीस तास उभा. यात्रा संपली की पलंग परत. आपल्याकडे पलंग काढला की देव लोकांचा होतो. इथं पलंग कायम घातलेला आणि लोक कायम खाली. पायऱ्या माणसांनी वर जायला नव्हत्या, देवानं खाली यायला होत्या. सिप्पर नावाच्या गावातल्या झिगुरातावरच्या देवळाचं नावच होतं "स्वर्गाचा पवित्र जिना".

जेवणात तैग्रिसचा पाठीकडून चिरून विस्तवाशेजारी भाजलेला मासा होता, मसगूफ. काटे फार.

संध्याकाळी बोरसिप्पा, आताचं बिर्स निम्रूद. लांबूनच मोडक्या दातासारखा एक सुळका दिसतो. आसपास मोटारीएवढे काळेनिळे गोळे पडलेत. त्या विटाच आहेत, कुठल्याशा भयंकर आचेनं वितळून एकमेकींत मिसळलेल्या. भट्टीत जास्त भाजून काचेसारखी झालेली वीट आपण खडी करायला वापरतो, तशी. शेजारच्या टेकाडावर इब्राहिमचं स्थान आहे, तिथं बायका नवस बोलायला आल्या होत्या. नबू गेला, नवस राहिले.

इथं १८५४ मध्ये रॉलिन्सन या इंग्रज संशोधकाला नेबुखद्नेझरचे लेख सापडले. त्यातला मजकूर ऐकून मी वाटाड्याला दोनदा सांगायला लावला. राजा म्हणतो : पूर्वीच्या एका राजानं हा झिगुरात ४२ हात उंच नेला, पण माथा पुरा केला नाही. पाणी वाहून जाण्याच्या वाटांची देखभाल झाली नाही. पाऊस आणि वादळ यांनी कच्च्या विटा वाहून नेल्या, भाजक्या विटांचं आवरण फुटलं.

शाखा अभियंत्याचा पाहणी अहवाल! एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी सुळक्याच्या बाजूला जाऊन पाण्याच्या वाटा शोधायला लागलो तेव्हा खालून आवाज आला, "अहो, देवळात आलात की साइटवर?"

तिसरा दिवस : रस्ता

हिल्ला ते नासिरिया. सपाट जमीन, खजूर, पोलीस चौक्या, प्रत्येक चौकीवर पासपोर्ट. चालकाचं चहापान दर तासाला. छोट्या काचेच्या पेल्यात निम्मी साखर.

माझं गाव साताऱ्याकडचं. लहानपणी म्हातारी माणसं "तो बसऱ्याला गेला" असं म्हणायची ती परत न आलेल्या माणसाबद्दल. पहिल्या महायुद्धात तैग्रिसकाठच्या कूतला जो वेढा पडला, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. शेवटी शरणागती आणि कैद. कूत आमच्या वाटेवर नव्हतं. पण खिडकीबाहेरचा तो करडा, एकसुरी, पावसानं चिकट होणारा चिखल बघताना त्यांचीच आठवण येत राहिली. बाकी दिवसाबद्दल लिहिण्यासारखं नाही.

चौथा दिवस : उर

नासिरियाच्या नैर्ऋत्येला पंधरा-सोळा किलोमीटर. परदेशी माणसाला तिकीट पंचवीस हजार दिनार. आकडा ऐकून छातीत कळ येते, हिशेब केला तर दीड-पावणेदोन हजार रुपये. शेजारीच लष्करी विमानतळ आहे. १९९१ च्या युद्धातल्या गोळ्यांच्या खुणा झिगुरातावर आहेत, आणि मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस आले तेव्हा याच माळावर सगळ्या धर्मांच्या लोकांची प्रार्थना झाली, कारण अब्राहमचं उर ते हेच असं मानतात.

जुनं अरबी नाव तल अल-मुकय्यर, डांबराचं टेकाड. नाव ठेवणाऱ्यानं अचूक बघितलं होतं. आत कच्च्या विटांचा भरीव गाभा, बाहेरून भाजक्या विटांचं अडीच मीटर जाड कवच, आणि सांध्यांत चुना नाही, माती नाही, डांबर. तळ साधारण ६४ बाय ४६ मीटर. चार कोपरे चार दिशांना. उर-नम्मूनं चंद्रदेव नन्नासाठी सुरू केलं, मुलगा शुल्गी यानं पुरं केलं. समोरचा जिना आणि खालच्या टप्प्याचा दर्शनी भाग १९८० च्या दशकात नव्यानं केलाय, पण बाजूला गेलं की मूळचं काम हाताला लागतं. भिंती आत कललेल्या. मी ओळंबा घेऊन गेलो होतो. बायकोनं ओळखसुद्धा दाखवली नाही.

राखणदारानं एका विटेवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. कोरडी असताना नुसती वीट, ओली झाल्यावर खिळ्यांसारखी अक्षरं वर आली. उर-नम्मू, उरचा राजा, ज्यानं नन्नाचं देऊळ बांधलं. साच्यानं उठवलेला शिक्का, एकीकडे जरा जास्त दाबला गेलेला. चार हजार वर्षांपूर्वी वीटभट्टीवरच्या कुणाचा तरी हात तिरका पडला होता. मिनिटभरात वीट वाळली आणि अक्षरं गेली.

आता माझा विषय. भिंतीत ठरावीक अंतरानं उभी, अरुंद भोकं आहेत, कवचातून आरपार थेट गाभ्यापर्यंत. पाणी झिरपायची भोकं, आम्ही वीप होल म्हणतो ती. घाटरस्त्याच्या प्रत्येक संरक्षक भिंतीला असतात, आणि ठेकेदार लक्ष नसलं की हटकून बुजवतो. १९२२ ते १९३४ इथं खोदकाम करणाऱ्या लिओनार्ड वुलीनं ती बघून असा तर्क केला की ओट्यांवर झाडं लावलेली असणार, झाडांना पाणी घातलं की ते निघून जायला ही वाट. कल्पना सुंदर आहे. पण दरवेळी झाडच कशाला हवं? एवढा कच्च्या विटांचा गठ्ठा आत कोंडला की बांधतानाची ओलच वर्षानुवर्षं सुटत राहते, वर पावसाळी पाणी मुरतं, गाभा फुगतो आणि कवच फोडतो. ज्यानं एकदा फुटलेली भिंत बघितली त्याला हे कळतं. मी एका भोकात बोट घातलं. आतून फुटक्या खापऱ्या भरलेल्या, गाळणीसारख्या. माती बाहेर यायची नाही, पाणी तेवढं यायचं. साहेब, हे ज्यानं केलं त्याला मी बिनशर्त बिल काढून दिलं असतं.

समोरून तीन जिने येतात, प्रत्येकाला शंभर पायऱ्या, तिन्ही वर एका दारापाशी मिळतात. चढलो. वर सपाटी, वारा, विटांचे तुकडे. जे होतं ते खाली होतं. झिगुरात म्हणजे देवळाच्या मोठ्या आवारातला एक कोपरा. कोठारं, न्यायाची जागा, पट्टराणी निंगलचं देऊळ, आणि गिपारू, म्हणजे चंद्राच्या मुख्य पुजारिणीचा वाडा. ही पुजारीण बहुधा राजाची मुलगी असे आणि देवाची बायको मानली जाई. अक्कदचा राजा सार्गोन याची मुलगी एनहेदुआन्ना याच गावची पुजारीण. हा झिगुरात व्हायच्या आधी दोनेकशे वर्षं तिनं देवीची स्तोत्रं रचली. स्वतःच्या नावानं लिहिणारा जगातला पहिला ज्ञात लेखक कोण, तर ही बाई.

गिपारूपाशी बायको रेंगाळली. वुलीला इथं देवीचं स्वयंपाकघर मिळालं होतं. विहीर, चुली, भाकरीच्या भट्ट्या, आणि डांबर फासलेला विटांचा एक ओटा, त्यावर मांस कापताना पडलेल्या सुरीच्या रेघा. आता भिंतींच्या बुंध्यांपलीकडे फारसं दिसत नाही. पण ती जागेवर उभी राहून बघत होती की विहीर कुठं, चूल कुठं, आणि पाण्याची घागर कितीदा न्यावी लागत असेल. उरुकच्या, म्हणजे आताच्या वर्काच्या, एका नंतरच्या काळातल्या पाटीवर देवांच्या जेवणाच्या वेळा आहेत : सकाळी एक मोठं आणि एक छोटं, संध्याकाळी एक मोठं आणि एक छोटं. रोज. महानैवेद्य, धूपारती, शेजारती हे सगळं कितीही भक्तीचं असलं तरी शेवटी कुणीतरी पहाटे उठून चूल पेटवायची असते. "आणि त्या बाईची मूर्ती कोणी पायात पुरत नाही," ती म्हणाली. यावर मी काय बोलणार?

देणं-घेणं देवादेवांतही होतं. एका सुमेरी काव्यात नन्ना नावेत पहिल्या धारेचं दूधदुभतं आणि नवं पीक भरून बापाकडे, निप्पूरच्या एनलिलकडे जातो, आणि परतीला नदीला पूर, शेतात जव, तळ्यात मासे मागून आणतो. चंद्रदेव हा गोधनवाला देव. चंद्रकोर म्हणजे बैलाची शिंगं.

दुपारी राजघराण्याच्या थडग्यांपाशी गेलो, खड्डे आणि पायऱ्या. इथल्या दागिन्यांत लाल अकीकाचे मणी निघाले, त्यातले नक्षी उठवलेले मणी सिंधू संस्कृतीच्या कारागिरीचे. म्हणजे आपल्याकडचा माल आमच्या आधी साडेचार हजार वर्षं इथं पोचला होता, तोही पासपोर्टाशिवाय.

परत येऊन कोपऱ्यापाशी बसलो. १८५४ मध्ये टेलर नावाच्या इंग्रज उपवाणिज्यदूतानं या झिगुरातावर कोपरे उकरून मातीचे छोटे दंडगोल काढले, चारही कोपऱ्यांतून. कोनशिला शब्दाला जागणाऱ्या कोनशिला! लिहिणारा नबोनिडस, बाबिलचा शेवटचा राजा, इ.स.पू. सहावं शतक. मजकूर असा : हा झिगुरात उर-नम्मूनं सुरू केला पण पुरा केला नाही, शुल्गीनं पुरा केला. तो जुना झाला होता, जुन्या पायावरच मी डांबर आणि भाजक्या विटांनी दुरुस्त केला. मग देवाकडे स्वतःसाठी आणि थोरल्या मुलासाठी मागणं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या अभियंत्याचं नाव घेऊन, काम कुठं अडलं ते नोंदवून मग आपलं लिहिणं. आम्ही मागच्या साहेबाची फाइलसुद्धा शोधत नाही.

आणि दुरुस्ती म्हणजे नुसतं गवंडीकाम नव्हे. जुनी वीट काढायलाही विधी होता. काम करणाऱ्यानं धुतलेले कपडे घालायचे, हातात कथलाचं कडं, आणि शिशाची कुऱ्हाड घेऊन देवळाची पहिली वीट सोडवायची. शोकगीतं गाणारा पुजारी शेजारी. त्या विटेवर मध, तूप, दूध, बिअर, दारू ओतायची. देव घर सोडून रुसून जाऊ नये म्हणून त्याला समजावत राहायचं. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या वेळी मूर्तीतलं देवपण कलशात काढून ठेवतात, त्यातलाच प्रकार. कच्ची वीट दर पावसाळ्यात झिजते. म्हणजे दर दोन-चार पिढ्यांनी घमेलं उचलणं आलंच. पूजेच्या बाहेरची कटकट नव्हती ती, पूजाच होती. दगडाचं देऊळ बांधणाऱ्यांना हे सुख नाही.

संध्याकाळी चंद्र बघायचा होता, चंद्राच्याच दारात. पण ढग दाटून आले आणि राखणदारानं शिट्टी वाजवून खाली बोलावलं. रात्री नासिरियात पाऊस झाला, अर्धा तासच, पण दणकून.

पाचवा दिवस : वर्का

परतीचं विमान नजफहून. वाटेत समावापासून आत तीसेक किलोमीटरवर वर्का, जुनं उरुक. शेवटचा तुकडा चिखलाचा होता. चालकानं पुढं न्यायला साफ नकार दिला, आणि बरोबर होता. आम्ही चालत निघालो. दहा पावलांत प्रत्येक बुटाला दोन-दोन किलो माती. आपली काळी माती पावसात अशीच पाय धरते, ही फक्त रंगानं उजळ.

इथं इनान्नाच्या आवारात उर-नम्मूनंच बांधलेला झिगुरात आहे. लोक त्याला बुवारिया म्हणतात, लव्हाळ्याच्या चटयांवरून. कवच गेलं, विटा गळल्या, चटया तेवढ्या बाहेर आल्यात, म्हाताऱ्याच्या दाढीसारख्या. सगळं ओलं होतं. विटेची कड मी बोटानं दाबली तर ठसा उमटला. लगेच हात काढून घेतला.

पलीकडे अनू देवाचं टेकाड. झिगुरात हा प्रकार जिथून वाढत आला ती ही जागा. सव्वापाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी इथं तेराएक मीटर उंच ओट्यावर जिप्सम फासलेलं एक पांढरं देऊळ होतं, वाळवंटात कोसांवरून दिसणारं. जुनं देऊळ भरून सपाट करायचं, त्यावर नवं. असं कितीदा तरी केल्यानं ओटा उंच होत गेला. म्हणजे कुणा एकानं नकाशा काढून मनोरा योजला नव्हता, दुरुस्त्या साचून मनोरा झाला. शेवटच्या मोठ्या थराला दीड हजार माणसं रोज दहा तास, अशी पाच वर्षं लागली असावीत, असा अभ्यासकांचा एक अंदाज आहे. मी मनात दरपत्रक मांडलं आणि सोडून दिलं. जमिनीवर जागोजाग खडूएवढे मातीचे शंकू पडलेत. रंगवलेली टोकं बाहेर ठेवून ते भिंतीत ठोकत आणि नक्षी करत. उचलायला बंदी आहे.

राखणदाराचं घर वाटेवरच. रात्रीच्या पावसानं गळलेलं दिसत होतं. बाप-लेक अंगणात भुसा घातलेला चिखल तुडवत होते. पंढरपूरजवळ मंगळवेढ्याकडे धाब्याच्या घरांना पावसाळ्याआधी हेच चालतं. माझी पावलं थांबली. बायकोनं घड्याळ दाखवलं, नजफ लांब आहे. तोवर मी चिखलाचा गोळा उचलून तळहातावर दाबला होता. कडेला भेगा. भुसा कमी. राखणदाराला अरबीशिवाय काही येत नव्हतं आणि मला ती येत नव्हती. मी गोळा फोडून दाखवला, भुशाकडे बोट केलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, गोळा स्वतः दाबला, आणि मुलाला काहीतरी म्हणाला. मुलानं आणखी दोन ओंजळी टाकल्या.

मग टायरच्या रबराचं घमेलं भरून त्यानं डोक्यावर घेतलं आणि शिडीनं वर गेला. मी खालून छताची कड बघत होतो. खजुराचं खोड कोरून केलेली पन्हळ पुढं काढलेली होती, पण तिच्या तोंडातून थेंबही पडत नव्हता. वर डबकं साचलेलं असणार. मी ओरडलो, हातवारे केले, पन्हळीकडे दाखवलं. त्याला कळलं. त्यानं वाकून काडी घातली आणि दोन-तीन झटके दिले.

भसकन गाळासकट पाणी आलं. बायको नेमकी खाली उभी होती.